ब्राझाव्हिलमध्ये दहा दिवस: सासूबाईंना न्यावं का, काय बघावं आणि किन्शासाचं काय करावं

तुमचे प्रश्न थोडक्यात असे. यजमान वर्षभरापासून ब्राझाव्हिलला कंत्राटावर आहेत आणि जुलैत ६७ वर्षांच्या सासूबाईंना घेऊन दहा दिवस तिकडे जायचा विचार आहे. सासूबाई शाकाहारी आहेत. तिथल्या ओळखीच्या भारतीय मंडळींनी सांगितलंय की ब्राझाव्हिलमध्ये बघण्यासारखं काही नाही, एक दिवस बोटीने पलीकडे किन्शासा करून या. ते जमेल का, आणि मुळात जाणं सुरक्षित आहे का?

जरूर जा. जुलै उत्तम आहे. किन्शासा एका दिवसात उरकायचा बेत मात्र सोडून द्या आणि तो दिवस नदीच्या अलीकडच्या काठाला द्या. मध्य आफ्रिकेतल्या फ्रेंचभाषक देशांचे प्रवास आखून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, ब्राझाव्हिलमध्ये मी राहिलेही आहे. तिथे ‘बघण्यासारखं काही नाही’ हे मी अनेकांकडून ऐकलंय आणि दरवेळी मला वाईट वाटतं. असं म्हणणारी बहुतेक माणसं घर, ऑफिस आणि सुपरमार्केट सोडून कुठे गेलेलीच नसतात. नदीकाठी निवांत एक संध्याकाळसुद्धा त्यांनी काढलेली नसते.

पण आधी लशीचं बोलू, कारण तुमचं जाणं-न जाणं त्यावरच ठरणार आहे. काँगोत शिरायला पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतंच. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. तुमच्याबाबतीत प्रश्न नाही, प्रश्न सासूबाईंचा आहे. साठीच्या पुढच्या माणसाला ही लस पहिल्यांदाच द्यायची असेल, तर गंभीर दुष्परिणामांची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. प्रमाण कमीच, पण केंद्रावर रांगेत उभं राहून टोचून घ्यायची ही गोष्ट नव्हे. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी सगळी औषधं, ॲलर्जी आणि जुनी दुखणी सांगा. अंड्याची ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असेल तर ते आवर्जून सांगा.

डॉक्टर ‘नको’ म्हणाले तर काही जण सूट मिळाल्याचं पत्र घेऊन जातात. मी तसं करू देत नाही. एक तर डास ते पत्र वाचत नाही, आणि दुसरं म्हणजे पिवळ्या तापाच्या देशातून प्रमाणपत्राशिवाय भारतात परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवायचा आपला नियम आहे. या वयात तो त्रास कशाला? लस जमत नसेल तर सासूबाईंना नेऊ नका, यजमानांनाच सुट्टीत इकडे बोलवा. वाईट वाटेल, पण माझा सल्ला हाच राहील.

दुसरं, कागदपत्रांत देशाचं नाव तपासा. काँगो नावाचे दोन देश शेजारी-शेजारी आहेत. ब्राझाव्हिल ही काँगो प्रजासत्ताकाची राजधानी, तर नदीपलीकडची किन्शासा काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची. दोघांचे व्हिसा वेगळे, वकिलाती वेगळ्या, चलनंही वेगळी. निमंत्रणपत्र यजमानांच्या कंपनीकडून लवकर मागवून ठेवा, बाकी सगळं त्यावर अडतं. मुंबईहून अदिस अबाबाला विमान बदलून माया-माया विमानतळावर उतरायचं, हा आपल्यासाठी सरळ मार्ग. माया-माया शहरातच आहे, त्यामुळे उतरल्यावर तासन्‌तास गाडीत बसावं लागत नाही. सासूबाईंसाठी हे फार सोयीचं.

जुलैबद्दल. आपल्याकडे धो-धो पाऊस असतो तेव्हा तिथे कोरडा ऋतू असतो. शहर विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे, जून ते सप्टेंबर पाऊस जवळपास नसतो. आफ्रिका म्हणून लोक सुती कपडे भरतात आणि तिथे संध्याकाळी कुडकुडतात. आभाळ दिवसभर राखाडी, ऊन बेताचं, रात्री हवा गार. सासूबाईंचा स्वेटर बॅगेत असू द्या. निळ्या आकाशाचे फोटो मिळणार नाहीत, पण भरदुपारी पायी फिरता येईल. मार्च-एप्रिलच्या दमट उकाड्यात हे अवघड जातं.

आता नदी. हे शहर इथेच का वसलं हे कळलं की बघायला काय जायचं हे आपोआप कळतं. काँगो नदी सुमारे ४,७०० किलोमीटर लांब आहे, विषुववृत्त दोनदा ओलांडते आणि पाण्याच्या बाबतीत जगात ॲमेझॉननंतर हिचाच नंबर लागतो. सेकंदाला सरासरी ४१ हजार घनमीटरच्या आसपास पाणी वाहतं. एवढी मोठी नदी, पण समुद्रातून बोट घेऊन तुम्ही तिच्यात फार आत येऊ शकत नाही. मतादी बंदरापर्यंत जहाज येतं आणि तिथून वर साडेतीनशे किलोमीटर नुसते धबधबे आणि खळाळ. ते संपतात त्या जागी नदी एकदम पसरते, तिचा तलावच होतो. त्याला पूल मालेबो म्हणतात, इथे ‘पूल’ म्हणजे तळं. तिथून वर किसांगानीपर्यंत जवळजवळ १,७०० किलोमीटर बोटी बिनघोर जातात. म्हणजे आतला सगळा माल बोटीने इथवर यायचा, इथे उतरायचा आणि समुद्राकडे जमिनीवरून न्यावा लागायचा. जो या जागेवर बसेल त्याच्या हाती मध्य आफ्रिकेचा व्यापार. म्हणून फ्रेंचांनी उजव्या काठावर ठाण मांडलं आणि बेल्जियमच्या राजासाठी स्टॅन्ले या संशोधक प्रवाशाने डाव्या. दोन राजधान्या अशा समोरासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामधल्या नदीवर आजही पूल नाही.

खळाळांना वळसा घालण्यासाठी दोन्ही बाजूंना रेल्वे बांधावी लागली. ब्राझाव्हिलकडची काँगो-ओसेआँ रेल्वे १९२१ ते १९३४ मध्ये सक्तीच्या मजुरीवर बांधली गेली. पाचशे किलोमीटरच्या त्या मार्गापायी किमान १७ हजार माणसं मेली असा अंदाज आहे. स्टेशनावरून जाताना सासूबाईंना हे जरूर सांगा. ‘फ्रेंचांनी वसवलेलं छान शहर’ एवढंच ऐकून कोणी परत येऊ नये.

नदी बघायच्या जागा दोन, आणि दोन्ही वेगळ्या वेळी बघायच्या. पहिली कॉर्निश, म्हणजे काठालगतचा रस्ता. त्यावर २०१६ मध्ये खुला झालेला तारांवर तोललेला पूल आहे, स्वातंत्र्याच्या तारखेवरून त्याचं नाव ‘१५ ऑगस्ट १९६०’. तारीख आपल्याही ओळखीची आहे, सासूबाईंना गंमत वाटेल. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास जा. शाळेतली पोरं, जोडपी, व्यायाम करणारी मंडळी असतात आणि समोर किन्शासाच्या इमारती दिसतात. सूर्य इथे सहाच्या आसपास मावळतो आणि अंधार झपाट्याने पडतो, तेव्हा पलीकडे दिवे लागतात.

दुसरी जागा ‘ले रापीद’, शहराच्या नैर्ऋत्य टोकाला, जुए नदी काँगोला मिळते तिथे. इथूनच खळाळांची रांग सुरू होते. इथे सकाळी जा, तासभर काढा. काठावर साध्या टपऱ्या आहेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकलेल्या असतात, थंड पेय मिळतं. जुलैत पाणी वर्षातलं सर्वांत कमी असतं, त्यामुळे खडक उघडे पडतात आणि नदीचं काम समोर दिसतं. पाणी बिनदुधाच्या चहासारखं काळसर तांबूस, जंगलातल्या कुजलेल्या पाल्याने रंगलेलं. एका लाटेवर नजर ठेवा. ती पुढे सरकत नाही. खाली खडक आहे, पाणी तिच्यातून धावत जातं आणि लाट जागच्या जागी उसळत राहते. मग जलपर्णीचा एखादा पुंजका येताना दिसतो का बघा. हो, तीच आपली जलपर्णी, मुळा-मुठेत माजलेली. मूळची दक्षिण अमेरिकेची, तिथेही उपरीच. कॉर्निशवरून बघताना हे पुंजके जांभळ्या फुलांसकट सावकाश तरंगत जातात. ले रापीदला तोच पुंजका पहिल्या लाटेवर चढतो, उलटतो, त्याची काळी मुळं वर येतात आणि दुसऱ्या लाटेच्या फेसात तो दिसेनासा होतो. या पाण्यात होड्या कडेकडेने नेणारे कोळी बघितले की त्यांच्या कसबापुढे हात जोडावेसे वाटतात. तुम्ही मात्र पाण्यात पाय घालायलाही उतरू नका, खडक निसरडे आहेत आणि ओढ काठापासूनच सुरू होते.

शहरातलं बाकीचं चार दिवसांत निवांत होतं. ज्याच्या नावावरून शहराचं नाव पडलं त्या साव्होर्न्यां द ब्राझाचं स्मारक बघा. त्याने १८८० मध्ये तेके लोकांच्या माकोको राजाशी करार केला आणि इथे फ्रेंच ठाणं आलं. पुढे १९०५ मध्ये त्याच फ्रेंच सरकारने त्याला रबर कंपन्यांच्या अत्याचारांची चौकशी करायला पाठवलं. परतीच्या वाटेवर तो डाकारला वारला आणि त्याच्या चौकशीचा अहवाल सरकारने दाबून टाकला. २००६ मध्ये त्याच्या अस्थी अल्जीयर्सहून आणून इथे संगमरवरी समाधी बांधली. वसाहत करणाऱ्याची एवढी भव्य समाधी कशाला, यावर तिथे बराच वाद झाला आणि तो रास्तच होता. पलीकडे बेल्जियमच्या राजाच्या नावाच्या लिओपोल्डव्हिलचं १९६६ मध्ये किन्शासा झालं, ब्राझाव्हिलने मात्र ब्राझाचं नाव तसंच राहू दिलं. आत गेलात की गाइडला याबद्दल विचारा, बोलायला लागतात.

सेंत-आनची बॅसिलिका तिच्या हिरव्या कौलांच्या छतामुळे दुरून ओळखू येते. रोजे एरेल या वास्तुविशारदाने १९४० च्या दशकात ती बांधली. तेव्हा ब्राझाव्हिल काही काळ ‘मुक्त फ्रान्स’ची, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढत राहिलेल्या फ्रेंचांची, राजधानी होतं, कारण पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं. १९९७ च्या यादवीत छताचं नुकसान झालं, नंतर दुरुस्ती झाली. रविवारच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसायला कोणी हरकत घेत नाही, नीटनेटके कपडे घाला म्हणजे झालं. तिथलं समूहगान ऐकाच.

पोतो-पोतोची चित्रशाळा मी कधीच वगळू देत नाही. १९५१ मध्ये पिएर लोद्स यांनी ती सुरू केली, मुंगाली चौकाजवळ आहे. चित्रकार तिथेच काम करत बसलेले असतात. लांबुळक्या, नाचत्या माणसांच्या आकृत्या ही तिथली खूण. चित्र आवडलं तर तिथेच घ्या, चौकटीवरून काढून गुंडाळी करून देतात आणि पैसे थेट चित्रकाराच्या संस्थेला जातात.

बाकोंगो भागात मार्शे तोताल हा मोठा बाजार आहे. सकाळी जा, एखाद्या स्थानिक बाईला सोबत घ्या, पर्स पोटाशी धरा. धुरावलेले मासे, सुरवंटांच्या टोपल्या, कसाव्याच्या पाल्याचे ढीग. सासूबाईंना सुरवंट बघवणार नसतील तर मासळीची बाजू टाळून भाजीच्या बाजूने शिरा. बाकोंगो हे ‘सापर’ लोकांचंही घर. पगार बेताचा, पण रविवारी कडक सूट, रंग जुळवलेले मोजे, चकाकणारे बूट घालून ही माणसं रस्त्यावर येतात आणि चालण्याची अदा दाखवतात. त्यात कोणाची टिंगल नसते, ती त्यांची प्रतिष्ठा आहे. फोटो विचारून काढा आणि थोडे पैसे द्या.

खाण्याचं. शाकाहार तिथे कोणाला नीटसा कळत नाही, पण उपाशी राहावं लागत नाही. साका-साका म्हणजे कसाव्याचा पाला कुटून पाम तेलात शिजवलेली भाजी, चवीला सुंदर. पण तिच्यात बहुधा मासा असतो. मादेसू म्हणजे घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि भात, माकेम्बा म्हणजे तळलेली मोठी केळी, यांवर सासूबाईंचं निभेल. ऑर्डर देताना ‘सां व्हियांद, सां प्वासों’, म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं सांगा आणि मसाल्याचा क्यूबही घालू नका म्हणा. तो क्यूब जवळपास प्रत्येक पातेल्यात पडतो आणि बऱ्याचदा त्यात चिकन असतं. हॉटेलात हे कोणी आपणहून सांगणार नाही.

शिक्वांग मात्र निर्धास्त खा. कसाव्याचे कंद पाण्यात भिजवून आंबवतात, वाटतात, पानांत घट्ट बांधून उकडतात. आपला उपासाचा साबुदाणा याच कंदाचा. गुंडाळी सोडली की आंबूस वास येतो आणि आत पांढरट, चिकट, सुरीने कापावा लागेल असा वळा. नुसता खाऊ नका, शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर खा. फळांत अननस आणि ॲव्होकाडो भरपूर. साफू नावाचं जांभळं फळ भाजून किंवा उकळत्या पाण्यात मऊ करून मिठाबरोबर खातात, कुठे मिळालं तर सोडू नका. तुम्ही मासे खात असाल तर माबोके, म्हणजे पानात बांधून निखाऱ्यावर शिजवलेला नदीचा मासा, नदीकाठीच खा. डाळ, पोहे, लोणचं घरून न्या. यजमानांच्या घरी स्वयंपाकघर आहेच, रोज एक जेवण घरी करा.

आता किन्शासा. ‘ल बीच’ नावाच्या धक्क्यावरून स्पीडबोट निघते आणि पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे पोहोचते, एवढंच लोक सांगतात. त्याआधी आणि नंतर काय होतं ते सांगत नाहीत. दोन्ही काठांवर पासपोर्ट, लशीचं कार्ड, शिक्के, पावत्या, वेगवेगळ्या खिडक्या. हमालांचा गराडा असतो आणि वाट काढून देणारा ‘प्रोटोकॉल’, म्हणजे ओळखीचा मध्यस्थ, बरोबर नसेल तर अर्धा दिवस तिथेच जातो. बोटी दुपारनंतर बंद होतात. शिवाय पलीकडच्या देशाचा व्हिसा आधी काढलेला हवा आणि ब्राझाव्हिलचा व्हिसा अनेकवेळा प्रवेशाचा हवा. एकदाच प्रवेशाचा असेल तर तुम्ही नदी ओलांडल्याक्षणी तो संपतो आणि परत येता येत नाही. ही अट विसरून पलीकडे अडकलेली माणसं मी सोडवली आहेत.

माझं मत विचाराल तर सासूबाईंसोबत किन्शासा नको. तुम्हा दोघांना जायचं असेल तर पुढच्या खेपेला दोन रात्रींसाठी जा. किन्शासा दीड कोटीहून मोठं शहर आहे, तिथलं ट्रॅफिक बघूनच दमायला होतं, पण जाण्यासारखं खूप आहे. २०१९ मध्ये उघडलेलं राष्ट्रीय संग्रहालय आहे. संगीत आहे. काँगोच्या रुंबाला २०२१ मध्ये युनेस्कोने दोन्ही देशांचा मिळून वारसा म्हणून मान्यता दिली. आणि शहराबाहेर ‘लोला या बोनोबो’ हे अनाथ बोनोबोंचं, म्हणजे चिंपांझीच्या जवळच्या नात्यातल्या वानरांचं, आश्रयस्थान आहे. बोनोबो जगात फक्त काँगो नदीच्या डाव्या बाजूच्या जंगलात सापडतात. चिंपांझी आणि गोरिला उजव्या बाजूला. ही वानरं पोहत नाहीत, त्यामुळे नदीने दोन्हींची कुळं वेगळी केली. उजव्या बाजूचे गोरिला बघायचे तर ब्राझाव्हिलच्या उत्तरेला लेझियो-लुना अभयारण्य आहे, साधारण १४० किलोमीटर. रस्ता शेवटी खराब आहे, जीप आणि परवानगी आधी ठरवावी लागते, मुक्काम करावा लागतो. सासूबाईंची पाठ ठणठणीत असेल तरच.

सुरक्षिततेचं म्हणाल तर ब्राझाव्हिलच्या मध्यभागात दिवसा फिरायला मला भीती वाटली नाही. काँगोत युद्ध चालू असल्याच्या बातम्या तुम्ही वाचता त्या पलीकडच्या देशाच्या पूर्व सीमेवरच्या, दीड हजार किलोमीटरहून लांबच्या. रात्री मात्र बाहेरच्या वस्त्यांत जाऊ नका, ‘कुलुना’ म्हणतात अशी सुरे घेऊन हिंडणाऱ्या पोरांची टोळकी तिथे असतात. हिरव्या टॅक्सीला मीटर नसतं, बसण्याआधी भाडं ठरवा. पोलिसांनी अडवलं तर आवाज चढवू नका. आधी ‘बोंझूर’ किंवा ‘म्बोते’, म्हणजे नमस्कार, म्हणा, मग पासपोर्टची प्रत दाखवा. विमानतळ, ल बीच, सरकारी इमारती, गणवेशातली माणसं यांचे फोटो अजिबात नकोत. कॉर्निशवरही आधी आसपास कोणी पहारेकरी आहे का बघून फोन काढा.

पैसे युरोत न्या. तिथला मध्य आफ्रिकी सीएफए फ्रँक युरोला बांधलेला आहे, १ युरोला ६५५.९५७ फ्रँक, त्यामुळे डॉलरपेक्षा युरो बदलणं फायद्याचं. पश्चिम आफ्रिकेतला सीएफए वेगळा, तो इथे चालत नाही.

शेवटचं मलेरियाचं. तिथला मलेरिया फाल्सिपेरम जातीचा आहे, जीवघेणा ठरू शकतो आणि क्लोरोक्वीन त्यावर चालत नाही. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या, सासूबाईंच्या बाकी औषधांशी त्या जुळतात का तेही विचारा. या गोळ्या परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत चालू ठेवायच्या असतात. लोक घरी आले की बंद करतात. मच्छरदाणी आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. आणि परतल्यावर तीन महिन्यांत कोणालाही ताप आला, तर डेंग्यू किंवा व्हायरल असेल म्हणून वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, पहिल्या वाक्यात ‘आम्ही काँगोहून आलोय’ असं सांगा आणि मलेरियाची तपासणी करून घ्या.